बक्कलाची मागची बाजू

रघुवीर साहेबांनी पट्टा खिडकीपाशी नेला आणि त्याचं पितळी बक्कल उलटं केलं. संघदीप उभाच राहिला. त्याचे वडील धोंडिबा बसा म्हटल्यावर खुर्चीत बसले होते, पण टेकले नव्हते.

सुदामा नगरातल्या त्या घरात काचेचं एक कपाट होतं. त्यात मोठ्या लढाईतले फौजी पट्टे ओळीनं टांगलेले होते. रघुवीर साहेब पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात माणसं भरती करायचे आणि रविवारी पट्टे जमवायचे. संघदीपची मिल बंद होऊन चौदा महिने झाले होते. बाबांचा पट्टा पसंत पडला तर साहेब आपल्याला कामाला लावतील, एवढ्या आशेवर तो बाबांना घेऊन आला होता. मिलमधल्या कामाचा दाखला खिशात होता. तो अजून कुणी मागितला नव्हता.

"आज सकाळीच घासलंय का हे?" साहेबांनी विचारलं.

"रोज सकाळी घासतो," धोंडिबा म्हणाले. "विटेची भुकटी आणि लिंबू. बेचाळीस सालापासून एक दिवस खाडा नाही."

"मागच्या बाजूनंही?"

"मागची बाजू पहिली. समोरून तर कुणीही घासतो जी. आमचा हवालदार बक्कल उलटं करून बोट फिरवायचा. बोट काळं झालं की पाठीवर सामानाचा पिठ्ठू चढवून मैदानाला दहा चक्कर."

साहेब हसले नाहीत. त्यांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"इथे नंबर असायला पाहिजे होता, बाबाजी. जवानाचा नंबर ठोकलेला असतो, खाली साल असतं. सगळं सफाचट झालंय."

"नंबर माझ्या तोंडी आहे की."

धोंडिबा उठले. टाचा जुळवून त्यांनी नंबर म्हटला, मग नाव, मग पलटण. आवाज त्या खोलीला मोठा झाला. आतून साहेबांची बायको डोकावून गेली.

"माझा विश्वास आहे हो तुमच्यावर," साहेब म्हणाले. "पण बघणारा बक्कल बघणार. तुम्ही थोडेच कपाटात उभे राहणार?"

"बाबांच्या कमरेचाच आहे, सरजी," संघदीप घाईनं म्हणाला. "बर्मापर्यंत जाऊन आलाय. आहे तसा ठेवून घ्या ना."

"असा तर महूच्या बाजारात नवासुद्धा मिळतो, भिया."

साहेबांनी कपाट उघडून एक पट्टा काढला आणि धोंडिबांच्या हातात दिला. पट्टा विटलेला होता, बक्कल काळं पडलेलं होतं.

"हा बघा. याला म्हणतात पीस. नंबर कसा, काल ठोकल्यासारखा."

"कुणाचा हा?"

"काय माहीत. एका कबाडीकडे मिळाला."

धोंडिबांनी बक्कल उलटं करून त्यावर अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग पट्टा दोन्ही हातांवर ठेवून परत दिला आणि ते खाली बसलेच नाहीत.

साहेबांनी धोंडिबांचा पट्टा गुंडाळून संघदीपकडे दिला.

"मग कामाचं, सरजी?"

"वेकेन्सी निघाली की कळवतो."

"पत्ता लिहून देऊ?"

"लागला तर मागवून घेईन ना."

बाहेर ऊन तापलं होतं. टेंपो थांबायचा त्या कोपऱ्यापर्यंत दोघं चालत आले. तिथं पोचल्यावर संघदीपला राहवलं नाही.

"पन्नास वर्षं घासत बसलात. लढाई संपली, फौज सुटली, तो हवालदारही मेला असेल. कोण उलटं करून बघणार होतं?"

धोंडिबांनी रस्त्याकडे पाहिलं.

"ते काळं बक्कल पाहिलंत ना, बाबा? त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. म्हणून ते कपाटात आहे."

"लावला होता," धोंडिबा म्हणाले. "नंबराच्या कडा जराशा गुळगुळीत होत्या. चार-सहा महिने घासायला मिळालं असेल त्या पोराला."

टेंपो येताना दिसला. दोघांपैकी कुणीच हात केला नाही.