बटणांचा जीपीएस

पळून लग्न केल्याला चार वर्षं झाली, तरी सासरे अवधूतशी थेट बोलत नव्हते. जपानला आले तेही लेकीसाठी. पण माणूस मालवणचा, मासेमारीचं भारी वेड. म्हणून अवधूत त्यांना होक्काइदोला गोठलेल्या तळ्यावर गळ टाकायला नेणार होता. बर्फावर वाट चुकू नये म्हणून दुकानात त्याने टचस्क्रीनचा जीपीएस उचलला. सोबत आलेले सासरे लेकीकडे वळले.

"अश्लेषा, तुझ्या नवऱ्याला सांग, बटणांचा घे. हातमोजे घालून स्क्रीन काय नाकाने दाबणार?"

अवधूतने तो ठेवून बटणांचा घेतला. दुकानदाराने विचारलं, नकाशा त्या एकाच तळ्याचा टाकू की तिकडच्या सगळ्या तळ्यांचा? अवधूतने अश्लेषाकडेच बघत ते मराठीत सांगितलं.

सासरे जरा घुटमळले.

"सगळ्यांचा घ्या, जावईबापू. एका खेपेत कुठे होतायत एवढी तळी?"