आय ॲम अफ्रेड

एकोणीस वर्षांचा संसार सोडून ती भावाकडे राहायला आली आणि महिन्याभरात तिला एका दवाखान्यात फोन घ्यायचं काम मिळालं. जुन्या ऑपरेटरबाईंनी तिला शेजारी बसवून शिकवलं. "कुणाला नाही म्हणायचं असलं, की आधी 'आय ॲम अफ्रेड' म्हणायचं, मग पुढचं बोलायचं."

"म्हणजे मी घाबरले, असंच ना?"

"अहो, इथे कोण घाबरतंय? नकार जरा मऊ होतो, एवढंच."

पण तो शब्द काही तिच्या तोंडी बसेना. घाबरण्यातच निम्मा जन्म गेला होता. आता पगारासाठीही तेच म्हणायचं? ती 'सॉरी'वर वेळ मारून न्यायची आणि बाई कपाळाला हात लावायच्या.

एका दुपारी तिने फोन उचलला, तर पलीकडे नवरा होता. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "खूप झाली थेरं. उद्या सकाळी घरी ये. नाही आलीस तर काय होईल, ते तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. बोटाला गुंडाळलेली फोनची वायर तिने सोडवली आणि पाठ खुर्चीला टेकवली.

"आय ॲम अफ्रेड," ती सावकाश म्हणाली, "मला यायला जमणार नाही."

तो हसला. "घाबरलीस ना? वाटलंच मला."

"नाही. सभ्य माणसं नकार असाच देतात," असं म्हणून तिने दुसऱ्या लाइनवरचा फोन घेतला.