आईचा गुडघा

आईचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी विमा कंपनीचे विंगकर आले. आईच्या दुखऱ्या गुडघ्यात त्यांचं यंत्र बसवलेलं होतं. दूर डोंगरात ढगफुटी व्हायची असली की आधी गुडघा ठणकायचा आणि यंत्र सगळ्यांना सावध करायचं. त्याच भरवशावर कोरड्या ओढ्याकाठच्या अख्ख्या वाडीला पुराचा विमा मिळाला होता.

“दुसरा गुडघा मिळाला नाही तर उद्यापासून विमा बंद, ताई. आणि असा गुडघा घराण्यातच उतरतो.”

“माझे धडधाकट आहेत,” कुमुद म्हणाली.

“श्रावणापासून लंगडतीयेस की गं!” शेजारच्या हौसाकाकू दारातून म्हणाल्या. ‘आज गुडघा काय म्हणतोय?’ असं विचारायला त्या रोज सकाळी आईकडे यायच्या.

कुमुद आईच्या खुर्चीत बसली. तिने उजवा पाय आईसारखाच लांब केला.

“बसवा,” ती म्हणाली. “पण काकू, सकाळी विचारायला यायचं. मी चहा टाकून ठेवीन.”