पदराखालची पाठ

पुरुषानं बाईपुढं कधीच वाकू नये, असं विश्वजितचं जाहीर मत होतं. आज पहाटे हे मत तो बायकोची जांभळी साडी नेसता नेसता मांडत होता.

“निऱ्या नीट खोचा,” राजनंदिनी म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आदल्या संध्याकाळी आमटी अळणी झाली म्हणून विश्वजितनं तो पिरगळला, आणि हात अपेक्षेपेक्षा कच्चा निघाला. आता धार कोण काढणार? म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नव्हती. तिला वास ओळखीचा लागे, साडी ओळखीची लागे. विश्वजितचा विचार संध्याकाळी हातापर्यंत गेला होता, धारेपर्यंत नाही.

“आणि तोंडातनं शब्द काढू नका. गडीमाणसाचा आवाज आला की दूध चोरती ती.”

डोक्यावर पदर घेऊन, दुधाची चरवी गुडघ्यात धरून विश्वजित म्हशीखाली बसला. म्हशीनं मागं वळून बघितलं, जरा विचार केला आणि पान्हा सोडला. गडमुडशिंगी गावात अजून नीट उजाडलं नव्हतं.

तेवढ्यात त्याचे वडील, गणपतराव, काठी घेऊन गोठ्यात आले. घरात त्यांना आण्णा म्हणत. डेअरीची वेळ होत आली की सुनेच्या पाठीत एक काठी घालायची, ही त्यांची शिस्त. हात मोडला म्हणून पाठीला सुट्टी मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. साडीची भानगड त्यांना कुणी सांगितली नव्हती.

“अजून धारच चाललीया व्हय गं?”

काठी बसली. विश्वजित गप्प राहिला. बोलला असता तर म्हशीनं दूध चोरलं असतं.

“कुणाला इचारतोय मी? तोंडात गूळ धरलाईस?”

पुन्हा बसली, जोरात.

“आण्णा, मी हाय, मी!”

“व्हय, तूच! वर तोंड करतीस?”

रागात माणसाला शब्द कळतात, आवाज कळत नाही. काठी खांद्यावर आली आणि हाड वाजलं. म्हशीनंही आपल्या परीनं एक लाथ घातली. विश्वजित शेणात आडवा झाला. पदर सुटला आणि खालनं मिशा निघाल्या.

राजनंदिनी दारात उभी होती. काठीचा हा आवाज तिनं पहिल्यांदाच कानानं ऐकला. एरवी तो पाठीनं ऐकावा लागे. प्रत्येक वेळी तिनं आपलीच चूक शोधली होती. भाकरी करपली असेल, उशीर झाला असेल, आपणच उलटून बोललो असू. आज त्या साडीत ती नव्हतीच, तरी काठी नेहमीच्या जागी बसली. आण्णांनी तोंड बघितलंच नव्हतं.

शहरात, राजारामपुरीच्या दवाखान्यात विश्वजित बाकावर आडवा पडला होता. साडीसकट, कारण हात वर होत नव्हता. उरलेल्या जागेत आण्णा बसले होते. राजनंदिनी भिंतीला टेकून उभी. समोरचे पेशंट उलटं वर्तमानपत्र मन लावून वाचत होते.

डॉक्टर संघप्रिया बाहेर आल्या. “कसं लागलं?”

“न्हाणीत घसरला,” आण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी राजनंदिनीच्या प्लास्टरकडं बघितलं. ते काल त्यांनीच घातलं होतं. काल तीही न्हाणीतच घसरली होती.

“पावणं, तुमच्या न्हाणीत राहतंय तरी कोण?”

“नंदे, सांग की,” विश्वजित कण्हत म्हणाला. “घसरलोच की मी.”

काल राजनंदिनीनं हेच सांगितलं होतं, कुणी विचारायच्या आत. आज ती भिंतीपासून पुढं झाली.

“न्हाणीत कुणी घसरलं न्हाय. ह्यांना आण्णांनी मारलं, मी समजून. आणि माझा हात ह्यांनी मोडला, मीच हाय हे बघून. पोलिसांना फोन लावा, डॉक्टर. सांगायला मी हाय.”

 डॉक्टरांनी फोन उचलला.

राजनंदिनी बाकाकडं वळली.

“आणि वायच पाय आखडून घ्या की. बसायचंय मला.”