व्हिडिओ काढणारा

"दुसऱ्याच्या बायकोला दुकानाबाहेर टांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" चष्म्याच्या दुकानात शिरताच तो मालकिणीवर खेकसला. बाहेरच्या स्क्रीनवर सकाळपासून त्याची बायको झळकत होती. नाकावर उलटा चष्मा, आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला ती पोट धरून हसत म्हणत होती, "पुरे की आता, लोक बघतायत."

त्या माणसाच्या नुसत्या विचारानेच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"दादा, जाहिरातीसाठी जुन्या गिऱ्हाइकांकडून व्हिडिओ मागवले होते. हा ताईंनीच पाठवला, लेखी परवानगीही दिली," मालकीण म्हणाली. "सहा वर्षांपूर्वीचा आहे."

"म्हणजे सहा वर्षं हे चाललंय! घरी माझ्यासमोर एकदा तरी अशी हसली असेल तर शपथ. कोण आहे तो? नाव सांगा."

"नाव नाही, नुसता नंबर आहे. काढणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय आम्हाला व्हिडिओ वापरता येत नाही. सोमवारी मेसेज पाठवला आणि पाचव्या सेकंदाला 'मान्य आहे' असं उत्तर आलं. वाचलासुद्धा नसेल."

"लावा फोन त्याला. आत्ताच्या आत्ता. बघतोच त्याच्याकडे."

तिने नंबर लावला, आणि त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजू लागला.



मालकिणीने तो वाजू दिला आणि विचारलं, "मग दादा, ताईंचं ते हसू गेलं कुठे?"