पाचवं नाव

काल्मुर्झाने पूर्वजांची चार नावं घडाघडा म्हटली आणि तो थांबला.

जेवणाच्या दस्तरखानाभोवतीचे हातही थांबले. मुलीचा आजोबा तेमिरकुल चहाचा वाडगा धरून वाट पाहत होता. दोन्ही घराणी एकाच टोळीची. सात पिढ्यांत कुठे दोन्हीकडे एकच पूर्वज निघाला, तर हे लग्न होणार नव्हतं. नवरा मुलगा, काल्मुर्झाचा नातू अझमत, दाराशी बसून जाजमाची दशी ओढत होता.

पाचवा. लहानपणी बापाने छडी घेऊन पाठ करून घेतलेला. हल्ली असंच होई. रात्रभर झोपूनही सकाळी डोकं जड, बोलता बोलता डुलकी, आपली मेंढरं कोणती तेही पटकन कळेना. वय झालं, असं तो म्हणे.

"आठवेना, की सांगवेना?" तेमिरकुल म्हणाला. "पाचवा आमच्यातलाच तर नाही ना, व्याही?"

काल्मुर्झाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्यापुढे पुन्हा तोच खड्डा.

"बोरुबाय," चहाच्या समोवरापाशी बसलेली त्याची बायको बुरुल म्हणाली. "मग एसेन. मग तोकतोर."

सगळे बुरुलकडे बघू लागले. सुनेने सासरच्या पूर्वजांचं नाव तोंडातून काढायचं नसतं. बोरुबायमधला 'बोरु' म्हणजे लांडगा, म्हणून ती आयुष्यभर लांडग्यालाही 'ओरडणारा' म्हणत आली होती.

तेमिरकुलने वाडगा खाली ठेवला. "यातला एकही आमच्यात नाही. सोयरीक पक्की. पण विहीणबाई, ही नावं तुमच्या तोंडी कशी?"

"हे पोरांना शिकवायचे, तेव्हा कानावर पडली." तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "रात्री यांचं घोरणं मधेच बंद पडतं. श्वासच नाही. मग मी मनातल्या मनात एकेका पूर्वजाला हाक मारते, सोडा यांना परत. पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्यालाच श्वास यायचा. हल्ली सातव्यापर्यंत जावं लागतं. रात्रभर असे मरत-जगत राहतात आणि सकाळी म्हणतात, वय झालं."

काल्मुर्झाला हे ठाऊक नव्हतं. तो तिच्याकडे वळला.

"आणि सातव्यालाही नाही आला तर?"

बुरुलने चहा ओतला आणि वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"पुढची नावं मला येत नाहीत."