अक्षरन् अक्षर

१९७४ साली सोलापुरात भवानी पेठेतल्या एकाच छापखान्यात दोन मित्र बाळंत झाले. ईश्वरप्पा मास्तरांना कागदाच्या घड्यांमधल्या भूमितीवर पुस्तक झालं आणि बसप्पा रंगाऱ्याला रंगांच्या इतिहासावर. दोघांनी प्रतींची अदलाबदल केली आणि आठवड्याने चहाच्या टपरीवर भेटले.

"मास्तर, अक्षरन् अक्षर वाचलं. शेवटचं प्रकरण तर दोनदा!" बसप्पा म्हणाला.

"आणि तुझी ती रंगीत चित्रं! डोळ्यांचं पारणं फिटलं की रे," मास्तरांनी परतफेड केली.

स्तुतीने फुगलेले मास्तर चार दिवस जमिनीवर नव्हते. पाचव्या दिवशी बाइंडर तोंड पाडून दारात उभा राहिला.

"मास्तर, घोटाळा झाला. पहिली प्रत तेवढी नीट कापून तुमाला दिली. बाकीच्यांच्या कडा कापायच्याच राहिल्या. पानं घडीतच जोडलेली हायत, सुरीनं फाडल्याबिगर उघडत न्हाईत."

मास्तर तरातरा बसप्पाच्या दुकानात शिरले आणि फळीवरची आपल्या पुस्तकाची प्रत खाली ओढली. एकही घडी फाडलेली नव्हती.

"अक्षरन् अक्षर वाचलंस, व्हय रे? पानं न उघडता?" मास्तर कडाडले. "कसं वाचलंस, ते तरी सांग!"

बसप्पाने रंगाने माखलेले हात शांतपणे धोतराला पुसले.

 

"मास्तर, माझं आख्खं पुस्तक काळ्या शाईत छापलंय, रंगीत चित्र एकबी न्हाय. ती तुमी जशी बघितली, तसंच हे मी वाचलं."